दीपचंद शेठ आणि न बोलणारी बाई

कापड व्यापाऱ्यांच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात राजस्थानच्या यात्रेचा व्हिडिओ लावायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी लावला परदेशी सिनेमा. दोन्ही पेनड्राइव्ह निळे, दोन्ही एकाच खिशात, आणि चष्मा घरी. मंगल कार्यालयात दीडेकशे माणसं पडद्याकडे तोंड करून बसलेली. उंटावर बसलेले आपण कसे दिसतो, याची प्रत्येकाला उत्सुकता. पडद्यावर उजाडलं ते थेट बर्फात. मग एक लाकडी घर आलं, मग घरातलं स्वयंपाकघर आलं, मग स्वयंपाकघरातली एक बाई आली. ती कप धूत होती.

लोकांनी आधी समजुतीनं घेतलं. अबूला एवढा बरफ कधी लागला, असं मागच्या रांगेतून कुणीतरी शेजाऱ्याला विचारलंही. बाई कप धूतच राहिली. घाईघाईनं सिनेमा बंद करायला गेलो आणि शेजारी ठेवलेला चहा मी लॅपटॉपवर पालथा केला. बटणं गेली, सिनेमा राहिला. प्रोजेक्टर बंद करावा तर तो छताला टांगलेला, आणि त्याचा माणूस 'गरम असताना बंद करू नका, बल्ब जातो' एवढं बजावून कुठंतरी निघून गेलेला. अध्यक्षांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्याचं वर्णन करत नाही. मग त्यांनी माइक घेऊन जेवण तयार असल्याचं जाहीर केलं. दालबाटीचा वास आधीच आत येऊन बसला होता. माणसं यात्रेचा व्हिडिओ बघायला जेवढ्या आनंदानं बसली होती, त्याहून जास्त आनंदानं उठली.

एक माणूस तेवढा उठला नाही. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीत, पांढरा सदरा, खिशात चार घड्या केलेला कागद. हे दीपचंद शेठ. आभारप्रदर्शन त्यांच्याकडे होतं. चला म्हटलं जेवायला, तर त्यांनी मला समजावून सांगितलं की कार्यक्रम संपल्याशिवाय आभार मानता येत नाहीत आणि आभार मानल्याशिवाय आपल्याला घास जात नाही. मी त्यांच्या शेजारी बसलो. लॅपटॉप तिथंच होता, अध्यक्ष जेवणाकडे होते, मला दुसरीकडे जायला जागाही नव्हती.

तो सिनेमा मी आधी पाहिलेला. आम्ही काही रिकामटेकडी माणसं महिन्यातून एकदा असले सिनेमे बघतो आणि नंतर चहावर एकमेकांना न समजलेलं समजावून देतो. उत्तरेकडच्या कुठल्यातरी थंड देशातला हा सिनेमा. सगळा मिळून एक स्वयंपाकघर, एक खिडकी, एक बाई, एक माणूस आणि दाराशी येऊन जाणारा पोस्टमन. माणूस बोलतो, हसतो, सूप करतो, शेगडी दुरुस्त करतो. बाई त्याच्याशी बोलत नाही. का, ते सांगत नाहीत. शेवटी एक दिवस ती बाहेर लाकडं आणायला जाते आणि तो माणूस तिच्या खुर्चीत बसून, ती जिकडं बघत बसायची तिकडं बघत राहतो. संपलं. खाली इंग्रजी ओळी पळतात. पण दीपचंद शेठचं इंग्रजी कापडाच्या गाठीवर छापलेलं असतं तेवढंच.

दिवे लागले. रिकाम्या खुर्च्यांचे आभार मानायला आता हरकत नव्हती. पण शेठजींनी खिशातल्या कागदाला हात लावला नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सर, ती त्याच्याशी शेवटपर्यंत बोललीच न्हाई."

दीपचंद शेठना ओळखणाऱ्या माणसाला हे वाक्य नुसतं ऐकूनसुद्धा काळजी वाटली असती. कारण दीपचंद शेठ हळू बोलत नाहीत, आणि एक वाक्य बोलून थांबत तर कधीच नाहीत.

जुन्या जालन्यात, एक रिक्षा आत शिरली की दुसरीनं तोंडाशी थांबून वाट बघायची अशा गल्लीत, त्यांचं ठोक कापडाचं दुकान. पुढं दुकान, मागं स्वयंपाकघर, वर राहणं. पणजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी आपली मराठवाडी मराठी, भाव करताना हिंदी आणि प्रतिक्रमणाच्या जैन पाठात प्राकृत, अशा चार भाषा ते दिवसभरात वापरतात आणि चारही संपवून टाकतात. दुकानाची खरी कमाई बस्त्याची. म्हणजे लग्नाचं सगळं कापड एका दुकानातून, एका बैठकीत घ्यायचं. आष्टी, परतूर, शहागड, कुठून कुठून टेम्पो भरून माणसं येतात. नवरीकडची, नवऱ्याकडची, मावश्या, आत्या, चुलत्या. सगळे पांढऱ्या गादीवर बसतात, आणि कुणाच्या आत्याला कुठली साडी यावरून तोंडं फिरायला लागतात. अशा वेळी दोन मिनिटं शांतता पडली की लग्न मोडायला येतं, असं शेठजींचं ठाम मत. म्हणून ते शांतता पडूच देत नाहीत. बोलत राहतात. आणि माणूस दिवसभर बोलायला लागला की विषय कुठून आणणार? तो घरातून आणतो.

त्यामुळे शेठजींच्या घरातलं काय चालू आहे, ते निम्म्या जिल्ह्याला माहीत असतं. मुलगा अंकित आणि सून कनिका यांच्यात कोणत्या रविवारी धुसफूस झाली, जमनाभाभींच्या गुडघ्याच्या एक्स-रेत काय निघालं, त्यांनी डॉक्टरला काय विचारलं, डॉक्टर काय म्हणाला. एकदा परतूरच्या स्टँडवर एका अनोळखी माणसानं मला चहा पाजत विचारलं होतं, जमनाबाईंचा गुडघा आता कसा आहे. शेठजींच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण त्यात वाईट काही नसतं हो. माणसानं माणसाला आपलं घर दाखवावं, बसवावं, पाणी द्यावं, तसं ते सांगतात. त्यांनी घरातलं सांगितलं की समोरच्या आत्याबाईही मोकळ्या होतात, आपल्या घरातलं सांगतात, आणि बोलता बोलता साडी पसंत करून टाकतात.

जमनाभाभी त्यांच्या पत्नी. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत जाळीची एक खिडकी आहे, त्या खिडकीतून चहाचा ट्रे येतो. बस्त्याला किती माणसं आलीत हे आत कुणी सांगत नाही, पण कप बराबर येतात. इतक्या वर्षांत भाभी माझ्याशी जे बोलल्या ते सगळं 'घ्या', 'आणखी घ्या' आणि 'साखर कमी आहे का' यात मावेल. त्या शांत स्वभावाच्या आहेत, असं आम्ही सगळे समजून चाललो होतो. शेठजीही.

तर मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी माझ्या घरी हजर. ती बाई का बोलत नव्हती, हे विचारायला. मी खूश झालो. इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट बघत होतो तो कुणीतरी एकदाचा विचारला होता. मौन म्हणजे काय, दिग्दर्शकाला त्यातून काय सुचवायचं आहे, माणसाच्या मनाचे थर कसे असतात, असं बरंच बोललो. गिऱ्हाईक पावसापाण्याचं सांगतं तेव्हा शेठजी जसं ऐकतात, तसं त्यांनी ते मन लावून ऐकलं.

"ते बराबर आहे," म्हणाले. "पण त्यानं काय केलं होतं?"

म्हटलं, ते सिनेमात सांगितलेलं नाही.

"म्हणजे तुमालाही माहीत न्हाई."

"कुणालाच नाही, शेठजी."

"तिला तर माहीत असंल ना."

मी सिनेमा पुन्हा लावून दिला. तो त्यांनी माझ्या घरी दोनदा पाहिला. मग अंकितकडून दुकानातल्या टीव्हीवर घेतला. सुरुवातीला ते पूर्णपणे त्या माणसाच्या बाजूचे होते. इतका चांगला माणूस, सूप करून राह्यला, शेगडी दुरुस्त करून राह्यला, गंमती सांगून राह्यला, आणि हिला एक शब्द खर्च करायला काय होतं, असं ते मला फोन करून सांगत. बर्फ त्यांना आवडला. घरात एवढी कमी भांडी कशी, याचं नवल वाटलं. पण सगळ्यात जास्त आवडला तो शेवट. शेठजींसारख्या माणसाला असलं काही आवडेल असं कुणी पैज लावून सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. पण तो माणूस तिच्या खुर्चीत बसला की शेठजी बोलायचे थांबत. 'बघा, आता बसला,' एवढंच म्हणत, आणि मग तेही खिडकीकडे बघत राहत.

आणि जे आपल्याला आवडतं ते चार माणसांना दाखवल्याशिवाय त्यांना चैन कसली? बस्त्याला येणाऱ्यांना आता चहाबरोबर सिनेमा मिळू लागला. लोक बिचारे सोसत. नाहीतरी बस्त्याला माणूस सोसायलाच आलेला असतो.

त्यात एक दिवस आष्टीचे रखमाजी आणि उषाबाई आले, मुलीच्या, अर्पिताच्या, बस्त्याला. मी तिथंच होतो. रखमाजींनी पडद्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि ह्यांची लाईट गेली का, म्हणून विचारलं, अंधारातच बसून राह्यले म्हणाले. सगळे हसले, शेठजीही हसले. उषाबाईंचं लक्ष साडीच्या काठावर होतं. काठ बोटांत धरून त्या मधूनमधून टीव्हीकडे बघत होत्या. शेठजींनी त्यांना विचारलं, ताई, तुम्ही सांगा, ही बाई का बोलत न्हाई?

"रागानं," उषाबाई म्हणाल्या.

"रागवली तर दिसंल की. चेहऱ्यावर काहीच न्हाई."

"चेहऱ्याला काय बघता, शेठजी. हात बघा तिचा. कप कसा ठेवून राह्यली. बाई भांडी आपटती तवर घाबरायचं न्हाई. आवाज न करता ठेवाया लागली की मंग समजायचं." आणि काठ दाखवून त्यांनी विचारलं, "ह्याचा रंग कच्चा तर न्हाई ना?"

पुन्हा सगळे हसले. रखमाजी तर म्हणाले, आमच्या घरी काळजीच न्हाई मंग, आमची भांडी गल्लीला ऐकू येतात. शेठजींनी मात्र नेहमीसारखी त्यावर आपली एक गोष्ट चढवली नाही. त्यांच्या हातात एक साडी होती, अर्धी घडी केलेली. ती तशीच राहिली. आणि माझ्या लक्षात आलं की ते जाळीच्या खिडकीकडे कान देऊन बसलेत. तेवढ्यात आतून चहाचा ट्रे खिडकीच्या फळीवर आला. पंधरा-वीस कप, आणि एकाचाही आवाज नाही.

त्या दिवसापासून शेठजींचा जीव टांगणीला लागला. संध्याकाळी मला फोन.

"सर, आवाज येत न्हाई."

मी मोठ्यानं बोललो.

"तुमचा न्हाई. भांड्यांचा."

ते जेवायला बसत आणि ऐकत. ताट ठेवलं, आवाज नाही. वाटी ठेवली, आवाज नाही. पाण्याचा तांब्या ठेवला तर जणू कापसावर. मी म्हटलं, अहो, काही बायकांचा हातच हलका असतो. त्यांना ते पटावं असं फार वाटत होतं, पण पटलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा आपटायची, म्हणाले. चांगलं आठवतं. आई तिला त्यावरून बोलायची. मग कधी बंद झालं, ते काही आठवेना. त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

मग त्यांनी उपाय सुरू केले. पहिला उपाय त्यांच्या धंद्याचा: दुकानातली एक चांगली साडी घरी नेली. भाभींनी ती उलगडून पाहिली, छान आहे म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानाच्या फडताळात ठेवून दिली, बराबर तिच्या जागेवर. मग त्यांनी सरळच विचारलं, तुला माझा काही राग आहे का? भाभींनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. मग त्यांनी गोष्टी सांगून हसवायचं ठरवलं. त्यांच्या सगळ्या गोष्टी भाभींनी जाळीच्या मागून ऐकलेल्या. गोष्ट अर्ध्यावर असतानाच त्या 'हो ना' म्हणाल्या.

शेवटी एका दुपारी शेठजी गादीवरून उठले, अंकितला बस म्हणाले आणि स्वयंपाकघरात जाऊन भाभींच्या जागेवर बसले. जाळीच्या खिडकीजवळ एक बुटकं स्टूल आहे. त्यावर बसून भाभी धान्य निवडतात, भाजी निवडतात, दुपारची पोथी वाचतात. शेठजी तिथं जाऊन बसले आणि समोर बघत राहिले. भाभी समोर उभ्या. काय हवंय, म्हणून विचारलं. काही न्हाई. पाणी? न्हाई. मग कनिका आली, तिनं सासऱ्यांना स्टुलावर शून्यात बघत बसलेलं पाहिलं आणि अंकितला हाक मारली. अंकितनं डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, जीभ बघितली, आणि दोन दिवस आराम सांगून गेले. गल्लीत संध्याकाळपर्यंत तीन वेगवेगळे आजार पसरले.

मी भेटायला गेलो. पलंगावर बसून संत्रं खात होते. मला जवळ बोलावलं.

"सर, तिथून माझी गादी दिसती. पण माझं तोंड न्हाई दिसत. पाठ दिसती. अंकित बसला होता माझ्या जागी, गिऱ्हाइकाला काहीतरी सांगून हसून राह्यला होता. हसला की त्याचे खांदे हालतात. माझेपण तसेच हालत असतील." संत्र्याची एक फोड त्यांनी तशीच हातात धरली. "आणि कशाला हसून राह्यला, ते मागं नीट कळत न्हाई. नावं तेवढी ऐकू येतात. आपल्याच घरातली."

त्यांना एकदा भाभींना तो सिनेमा दाखवायचाच होता. तो बघून ती काहीतरी बोलेल, अशी त्यांना आशा. एका रविवारी दुपारी, दुकान बंद असताना, योग आला. मलाही बोलावलं. भाभी मेथीची जुडी घेऊन बसल्या, शेजारी कनिका. कनिकाचं शिक्षण संभाजीनगरला झालेलं. खालच्या इंग्रजी ओळी ती भराभर वाचते, हे मला तेव्हा आठवलं आणि मी उठून जायला निमित्त शोधू लागलो. कारण एक गोष्ट मला पहिल्यापासून माहीत होती आणि मी शेठजींना सांगितली नव्हती. सांगायला गेलो की त्यांचा चेहरा दिसे आणि मी दुसरंच काहीतरी बोलत असे. सिनेमा सुरू होऊन थोडा वेळ झाला नाही तोच कनिका म्हणाली, "पप्पाजी, हे तर भाऊ-बहीण आहेत."

शेठजी तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी मेथीकडे बघितलं.

"कोण म्हणतं?"

"तीच म्हणतेय. पोस्टमनला. माझा भाऊ आलाय म्हणून."

शेठजींनी बराच विचार केला. हिशेब सगळा नवरा-बायकोचा मांडलेला, आणि आता सून म्हणत होती की हे भाऊ-बहीण. पण चार पिढ्यांचा व्यापारी एका बातमीनं हलत नाही.

"असतील," ते म्हणाले. "बोलत न्हाई हे तर खरं ना?"

कनिकानं ते मान्य केलं. सिनेमा पुढं चालू राहिला. शेठजी पडद्याकडे कमी आणि भाभींकडे जास्त बघत होते. भाभींनी तो पूर्ण पाहिला. मेथी निवडून झाली, देठ एका बाजूला, पानं एका बाजूला. तो माणूस खुर्चीत बसला, खिडकीकडे बघू लागला, संपलं. शेठजी पुढं वाकले.

"त्यांच्या नळाला गरम पाणी येतं," असं म्हणून भाभी मेथी घेऊन आत गेल्या.

मी शेठजींकडे बघायचं टाळलं.

श्रावण सरत आला, पर्युषण आलं. शेठजींचं घर स्थानकवासी जैनांचं. पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, भाभींचा उपवास, शेठजींचाही, दुकान बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पारणं, आणि मग क्षमापना. वर्षभरात कळत-नकळत दुखावलेल्या सगळ्यांची हात जोडून क्षमा मागायची. खमत खामणा म्हणायचं. समोरच्यानंही तेच म्हणायचं. मी दरवर्षी त्या सकाळी शेठजींकडे जातो. जैन नसलो तरी त्यांनी वर्षभर माझी केलेली चेष्टा माफ करायला कुणीतरी जायला हवं.

शेठजींची क्षमापना बघण्यासारखी असते. तीही ठोकात. दुकानाच्या उंबऱ्यात उभे राहून ते येईल त्याला हात जोडतात. शेजारच्या दुकानदाराला, हमालाला, रिक्षावाल्याला, माल परत करायला आलेल्या गिऱ्हाइकाला. फोनवरचा संदेश अंकित एकदम सगळ्या जिल्ह्याला सोडतो. आणि उंबऱ्यातूनच, मागं न वळता, जाळीच्या खिडकीपलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, 'तुलापण गं, खमत खामणा' असं म्हणून टाकतात. आतून 'खमत खामणा' येतं. झालं, वर्षाचं काम आटोपलं.

या वर्षी त्यांनी मला हात जोडले, मी जोडले, त्यांनी रिक्षावाल्याला जोडले, आणि मग एकदम वळले आणि आत गेले. अंकितनं माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघं गादीवर बसलेलो. जाळीतून आतलं सगळं दिसत होतं. आणि आम्ही बघत नव्हतो असं आता म्हणण्यात अर्थ नाही.

भाभी स्टुलावर बसून मुगाचं पाणी पीत होत्या. शेठजी समोर उभे राहिले, हात जोडले. ते दोघं आपापसात मारवाडीत बोलले. मी माझ्या मराठीत लिहितो.

"खमत खामणा."

"खमत खामणा," भाभी म्हणाल्या, आणि शेगडीवरचं मुगाचं पाणी वाढायला उठू लागल्या.

"बस," शेठजी म्हणाले. "कशाची मागू, ते तू सांग."

भाभींनी दुकानाकडे पाहिलं. म्हणाल्या, दुकान उघडं आहे.

"अंकित आहे."

शेठजींनी काही गोष्ट सुरू केली नाही, की खांदे हलवले नाहीत. मी त्यांना इतका वेळ गप्प उभं असलेलं पाहिलं नव्हतं. मग भाभी बोलल्या. आवाज वर नाही, पण जाळीतून स्वच्छ आला.

"इतकी वर्षं माफी मागितली, कशाची ते आज विचारलं. माझा गुडघा सगळ्या बाजाराला माहीत आहे. माझ्या आईनं मरताना काय म्हटलं ते माहीत आहे. भावाचं दुःख मी तुम्हाला रात्री सांगितलं, तर सकाळी शहागडची बाई इथं येऊन मला विचारते, भाऊ आता कसा आहे. मी तिला ओळखतसुद्धा नव्हते, अंकितचे पप्पा. मग मी सांगणंच बंद केलं. तुमच्या ते लक्षातच आलं नाही. तुम्ही बोलतच होता."

शेठजींनी काहीतरी विचारलं. ते आम्हाला ऐकू आलं नाही. भाभींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग हात लांब करून जाळीच्या खिडकीचं दार आतून लावलं. त्या खिडकीला दार आहे, हे मला त्या दिवशी कळलं. अंकितलाही.

बाहेर गिऱ्हाईक यायला लागलं. अंकितनं दोन साड्या दाखवल्या, चुकीचा भाव सांगितला, परत दुरुस्त केला. खमत खामणा म्हणायला माणसं येत आणि शेठजी कुठे, म्हणून विचारत. अंकित त्यांना पारणं चालू आहे म्हणून सांगे. दाराच्या फटीतून आतला आवाज येत होता. शब्द नाही, नुसता आवाज, आणि तो बहुतेक भाभींचा. मधे एकदा थांबला, पुन्हा सुरू झाला. अंकित तागा गुंडाळता गुंडाळता थांबून ऐकू लागला. "पप्पा बोलून न्हाई राह्यले," म्हणाला, आणि काळजी करायची की नाही ते न समजून पुन्हा गुंडाळू लागला.

आत चहा व्हायची वेळ होऊन गेली. कनिकाच वरच्या छोट्या शेगडीवर चहा करून खाली घेऊन आली, स्वयंपाकघराच्या दाराशी थोडी थांबली, आणि वळून दुकानात आमच्याकडे आली.

मग शेठजी बाहेर आले. तोंड धुतलेलं होतं, सदऱ्याची कॉलर ओली. गादीवर आपल्या जागी बसले. अंकितनं विस्कटून ठेवलेला तागा घेतला आणि नीट गुंडाळायला लागले. परतूरची एक बाई आली, तिनं विचारलं, शेठजी, घरी सगळे बरे? ते बरे आहेत म्हणाले, आणि तिला काय दाखवू म्हणून विचारलं. एवढंच. बाई जरा वेळ थांबली, अजून काही येईल म्हणून. आलं नाही.

मी थांबलो. माझा हक्क आहे असं मला वाटत होतं. सिनेमा माझा, पेनड्राइव्ह माझा, लॅपटॉपचं नुकसान माझं. शिवाय या माणसानं आजवर मला काय सांगितलं नव्हतं? दाढ दुखली तरी कोणती ते दाखवलं होतं. गिऱ्हाईक बाहेर पडल्यावर मी जवळ सरकलो आणि हलक्या आवाजात विचारलं, "शेठजी, मग पुढं काय म्हणाल्या भाभी?"

त्यांनी तागा खाली ठेवला.

"तुमाला काय करायचंय?"